हॉटेल कामगाराची इंग्रजी : चाकरीची की हक्काची?

कल्याण सोडून कर्जतच्या दिशेने निघालेली लोकल पहिल्यांदा थांबते ती विठ्ठलवाडीला. एका अंगाला कल्याण पूर्व, दुसऱ्या अंगाला उल्हासनगर. कोळसेवाडी, काटेमानिवलीपासून उल्हासनगरच्या कॅम्पांपर्यंत पसरलेल्या या पट्ट्यात कारखान्यातला कामगार राहतो, सफाई कामगार राहतो, रिक्षावाला राहतो आणि हॉटेलात राबणारा माणूसही राहतो. रात्रीच्या शेवटच्या गाड्यांनी तो घरी येतो, सकाळी वस्ती कामाला निघते तेव्हा तो झोपलेला असतो आणि वस्ती घरी परतते तेव्हा तो ड्युटीवर असतो. म्हणूनच की काय, तो आमच्या सभेत दिसत नाही, मोर्चात दिसत नाही आणि आमच्या चर्चेतही दिसत नाही. गिरणी कामगारावर साहित्य निर्माण झाले, त्याच्या लढ्याचा इतिहास लिहिला गेला. हॉटेल कामगाराच्या वाट्याला मात्र 'ए पोऱ्या, टेबल पूस' एवढेच आले. या कामगाराच्या एका प्रश्नाकडे आम्ही आज समाजाचे लक्ष वेधू इच्छितो. तो प्रश्न आहे भाषेचा.

सुरुवात 'हॉटेल' या शब्दापासूनच करू. मराठीत चहाची टपरी हेही हॉटेल, मिसळीचे दुकान हेही हॉटेल आणि अपोलो बंदरावरचे ताज हेही हॉटेलच. इंग्रजीत मात्र जेथे मुक्कामाची सोय आहे तेच हॉटेल. नुसते जेवण मिळते ते रेस्टॉरंट. आमचा तरुण मुलाखतीला जातो आणि प्रामाणिकपणे सांगतो, 'तीन वर्षे हॉटेलात काम केले आहे.' समोरचा साहेब विचारतो, 'किती खोल्यांचे?' पोरगा गोंधळतो. त्याने काम केलेले असते, घाम गाळलेला असतो, पण एका शब्दाच्या अर्थापायी तो पहिल्याच प्रश्नाला खोटा ठरतो. कामाचा अनुभव हातात आहे, पण तो सांगण्याची भाषा तोंडात नाही, ही आमच्या हजारो तरुणांची अवस्था आहे.

मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरातील उतरंड पाहा. सर्वांत खाली युटिलिटी, म्हणजे भांडी घासणारा. त्याच्या वर कॉमी थ्री, कॉमी टू, कॉमी वन. मग डीसीडीपी, सीडीपी, सू शेफ आणि सर्वांत वर एक्झिक्युटिव्ह शेफ. बाबासाहेबांनी ज्या श्रेणीबद्ध विषमतेचे विश्लेषण केले, तिची आठवण व्हावी अशी ही शिडी आहे. फरक इतकाच की या शिडीवर चढायला कायद्याने कोणालाही बंदी नाही. मग आमचा माणूस दहा-दहा वर्षे मोरीवरच का राहतो? त्याच्या हाताला चव नाही म्हणून नव्हे. त्याला स्टोअरचे इंडेंट लिहिता येत नाही, इंग्रजी रेसिपी कार्ड वाचता येत नाही आणि ब्रीफिंगमध्ये चार वाक्ये बोलता येत नाहीत म्हणून! जातीने आखलेली कामाची वाटणी आता भाषेच्या नावाने चालू राहते आणि त्याबद्दल कोणालाही जाब विचारता येत नाही. 'कम्युनिकेशन वीक आहे' असे म्हटले की विषय संपला.

हॉटेल आणि आमचा समाज यांचे नाते जुने आहे आणि ते कडवट आहे. १९१७ मध्ये कोलंबिया आणि लंडन येथे उच्च शिक्षण घेऊन परतलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले, तेव्हा एकही हिंदू खानावळ त्यांना जागा देणारी नव्हती. पारशी धर्मशाळेत त्यांना पारशी नाव लावून राहावे लागले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आत्मकथनपर लेखनात हा प्रसंग आहे. त्याच महामानवाच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहांबरोबर 'हॉटेल' हा शब्द आला. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून तेथे कोणालाही मज्जाव करता येणार नाही, हे देशाने १९५० मध्ये मान्य केले. हॉटेलचे पुढचे दार संविधानाने उघडले. आता मागच्या दाराने आत जाणाऱ्या कामगाराला पुढच्या काउंटरपर्यंत पोहोचवणे हे काम उरले आहे. ते काम शिक्षणाचे आहे.

पण कोणते शिक्षण? बाजारात 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी' शिकवणारे क्लास गल्लोगल्ली आहेत. तेथे व्याकरणाच्या वहीत बारा काळ उतरवून घेतात आणि पोरगा दुसऱ्या आठवड्यात गळतो. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली. त्याआधी शाळेत गेलेल्यांची इंग्रजीशी ओळख पाचवीत झाली आणि त्यातले कित्येक शाळा सोडून हॉटेलात आले. हॉटेल-ढाब्यांवर चौदा वर्षांखालील मुले कामाला ठेवण्यावर बंदी आली तीही १० ऑक्टोबर २००६ पासून. म्हणजे आजचे कित्येक तिशी-चाळिशीतले वेटर हे कालचे 'पोऱ्या'च आहेत. त्यांना शाळेची इंग्रजी पुन्हा पहिल्यापासून शिकवण्यात अर्थ नाही. त्यांना त्यांच्या कामाची इंग्रजी हवी. शिक्षणशास्त्रात यालाच विशिष्ट हेतूसाठीची इंग्रजी म्हणतात. वैमानिकाची वेगळी, परिचारिकेची वेगळी, तशी हॉटेल कामगाराची वेगळी.

या इंग्रजीत काय काय येते ते पाहू. 'काय पाहिजे?' हा मराठीत साधा प्रश्न आहे. 'आपल्याला' म्हटले की आदर आला. तेच शब्दशः उचलून 'व्हॉट यू वाँट' म्हटले की परदेशी पाहुण्याला ते उर्मट वाटते. कारण इंग्रजीत तू, तुम्ही, आपण हा भेदच नाही. सगळ्यांना एकच 'यू'. तेथला आदर 'मे', 'कुड', 'वुड' या छोट्या शब्दांत असतो. 'मे आय टेक युवर ऑर्डर' म्हणणारा वेटर नम्र आणि 'टेल ऑर्डर' म्हणणारा उद्धट ठरतो. मनात उद्धटपणा कोणाच्याच नसतो, दोष न शिकवलेल्या एका शब्दाचा असतो. 'आत्ता आणतो' याचे आपण 'जस्ट नाऊ' करतो. पाहुण्याच्या कानाला त्याचा अर्थ 'नुकतेच झाले' असाही लागतो आणि तो रिकाम्या टेबलाकडे पाहत राहतो.

शिवाय इंग्रजी एक नाही. अमेरिकन माणूस 'चेक' मागतो तेव्हा त्याला बिल हवे असते. त्याचे 'आंत्रे' म्हणजे मुख्य जेवण. ऑस्ट्रेलियन माणसाचे 'आंत्रे' म्हणजे जेवणाआधीचा पदार्थ. इंग्रज 'चिप्स' म्हणतो तेव्हा त्याला गरम तळलेले बटाट्याचे काप हवे असतात, अमेरिकन 'चिप्स' म्हणतो तेव्हा वेफर्स. अमेरिकनाचा 'फर्स्ट फ्लोअर' म्हणजे आपला तळमजला. सामान उचलणाऱ्या बेलबॉयला हे माहीत नसेल तर बॅगा एका मजल्यावर आणि पाहुणा दुसऱ्या मजल्यावर! खोलीच्या दरापुढे ईपी लिहिले असेल तर नुसती खोली, सीपी असेल तर नाश्ता, एमएपी असेल तर नाश्ता आणि एक जेवण, एपी असेल तर सगळी जेवणे. हे सारे मिळून दोन-अडीचशे शब्द आणि पन्नास-साठ वाक्ये होतील. यासाठी पदवी लागत नाही. मन लावून शिकवणारा माणूस लागतो.

आता भाषांतराकडे वळू. भाषांतर म्हटले की आपल्याला साहित्यिक आठवतात. पण दुपारच्या गर्दीत वेटर जे करतो तेही भाषांतरच असते. पाहुणा इंग्रजीत बोलतो, वेटर ते केओटीवर आखूड इंग्रजीत लिहितो आणि आत भट्टीवर उभा असलेला नेपाळी, बंगाली, गढवाली किंवा मराठी आचारी ते हिंदीत समजून घेतो. तीन भाषांचा हा पूल वेटर दिवसातून शंभर वेळा ओलांडतो. दुभाष्याला मान असतो, मानधन असते. याला काहीच नाही, कारण हे कौशल्य आहे हे मालकानेही ओळखलेले नाही आणि कामगारानेही.

या पुलावर पाय घसरला तर माणसाचा जीव जाऊ शकतो, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. आपल्या महाराष्ट्राच्या स्वयंपाकात दाण्याचे कूट कोठे नसते? कोशिंबिरीत, भाजीत, चटणीत, साबुदाण्याच्या खिचडीत. उपवासाचा पदार्थ म्हणजे निर्धोक असे आपण समजतो. पण ज्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्याचा घसा त्याच खिचडीने सुजून श्वास कोंडू शकतो. कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्याला चटणीतला सुका जवळाही चालत नाही. ज्याला गव्हातले ग्लुटेन चालत नाही त्याला ज्वारीची भाकरी चालेल, पण ती गव्हाच्या पिठाच्या परातीत थापलेली नसेल तरच. आणि डाळीच्या फोडणीतले हिंग? बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. 'इज इट ग्लुटेन फ्री' या प्रश्नाला सवयीने 'येस सर' म्हणणारा वेटर अपघाताला आमंत्रण देत असतो. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी दहा किंवा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांना मेनूवर उष्मांक आणि ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणे बंधनकारक केले. छापील मेनूवर नियम पाळला जाईल. पण पाहुणा मेनूला प्रश्न विचारत नाही, वेटरला विचारतो.

'हॉट' या शब्दाचे दोन अर्थ, गरम आणि तिखट, हे शिकवायला पाच मिनिटे लागतात. 'व्हेजिटेरियन' आणि 'व्हीगन' यांतला फरकही तसाच: व्हीगन माणसाला दूध, तूप, पनीर, मध यांतले काहीच चालत नाही. म्हणजे पनीर टिक्का बाद, पण कोकम आणि नारळाच्या रसाची सोलकढी चालेल. जैन जेवण म्हणजे कांदा, लसूण, बटाटा नाही. आणखी एक नाजूक शब्द 'बीफ'. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हशीच्या मांसावर नाही. मेनूवर आणि तोंडी कोणता शब्द वापरायचा हे वेटरला नेमके माहीत असले पाहिजे. कारण शब्द चुकला तर जमावापुढे मालक उभा राहणार नाही, कामगारच सापडेल.

पदार्थाचे नाव कसे सांगावे यालाही पद्धत आहे. मिसळीचे भाषांतर होत नाही आणि करूही नये. नाव तसेच ठेवावे आणि मग चार गोष्टी सांगाव्यात: कशापासून केले, कसे केले, किती तिखट आहे आणि कोणाला चालणार नाही. 'मिसळ. मोड आलेल्या कडधान्याचा रस्सा, वर फरसाण, सोबत पाव. तिखट आहे, तर्री वेगळी देता येईल. फरसाणात शेंगदाणे असतात.' एवढे इंग्रजीत सांगता आले की पाहुणा खूश आणि वेटरही ऑर्डर घेणारा न राहता जाणकार ठरतो. झुणका, थालीपीठ, अळूवडी, खरवस यांची अशी वीस वर्णने पाठ असलेला तरुण कोणत्याही मुलाखतीत ताठ मानेने बसेल. जी भाकरी त्याच्या आईने थापली, तिच्याबद्दल सांगताना त्याला लाज वाटणार नाही.

आमचा मूळ मुद्दा मात्र यापुढचाच आहे. हॉटेलवाले जी इंग्रजी शिकवतात ती चाकरीची इंग्रजी असते. 'येस सर', 'सॉरी मॅडम', 'माय प्लेझर'. ती यायलाच हवी, कारण पोट तिच्यावर आहे. पण तेवढ्यावर थांबले तर आपण अधिक चांगले सेवक तयार करू, अधिक मोकळा माणूस नव्हे. हक्काची इंग्रजी कोण शिकवणार?

नियुक्तीपत्र इंग्रजीत येते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी कामगाराला नियुक्तीपत्र देणे बंधनकारक केले. कागद हातात येईल, पण वाचणार कोण? डायनिंग हॉलमध्ये 'मे' हा शब्द नम्रतेचा असतो. करारात तोच 'मे' आला की अर्थ बदलतो. 'कंपनी शॅल प्रोव्हाइड अकोमोडेशन' म्हणजे राहण्याची सोय द्यावीच लागेल. 'मे प्रोव्हाइड' म्हणजे वाटले तर देऊ. एका अक्षरओळीवर राहण्याचे भाडे कोणी भरायचे हे ठरते. पगारपत्रकातले बेसिक, ग्रॉस, नेट, पीएफ, ईएसआय हे शब्द कळले तर कापलेला पैसा खात्यात जमा होतो की नाही हे विचारता येते.

आखाती देशांत जाणाऱ्यांचे तर विचारूच नका. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टला त्या देशांसाठी स्थलांतर तपासणीची अट असते. नोंदणीकृत एजंटाने घ्यायचे शुल्क सरकारने ३० हजार रुपये अधिक जीएसटी इतके मर्यादित केलेले आहे आणि एजंट नोंदणीकृत आहे की नाही हे 'ई-मायग्रेट'वर पाहता येते. ही माहिती नसल्यामुळे दागिने मोडून दीड-दोन लाख मोजणारी कुटुंबे आपल्या आजूबाजूला आहेत. कुकच्या नावाने सही घेऊन क्लीनरच्या कामाला लावण्याचा प्रकार वाचता न येणाऱ्या माणसाशीच सोपा असतो.

हाऊसकीपिंगमध्ये आमच्या भगिनी आहेत. त्यांच्या हातातल्या बाटल्यांवर आर-वन, आर-टू ते आर-सिक्स असे आकडे असतात. आर-सिक्स हे संडास धुण्याचे आम्ल. ते ब्लीचमध्ये मिसळले तर क्लोरिन हा विषारी वायू तयार होतो. बाटलीवरची सूचना इंग्रजीत असते आणि फुप्फुस आमच्या बहिणीचे. पाहुण्याने खोलीत वावगे वर्तन केले तर काय बोलावे, दार उघडे ठेवून कसे बाहेर पडावे, लेखी तक्रार कोणाकडे द्यावी, हे २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याने दिलेले बळ आहे. ते वापरायला चार ओळींचा अर्ज लिहिता आला पाहिजे. 'नो सर' हेही इंग्रजीच आहे आणि तेही शिकवावे लागते. २९ डिसेंबर २०१७ रोजी कमला मिलमधील उपाहारगृहांच्या आगीत १४ जीव गेले. अशा वेळी बाहेर पडण्याची वाट ओरडून सांगणारी भाषा कामगाराच्या तोंडी असेल तर तो स्वतःचा आणि दुसऱ्याचाही जीव वाचवू शकतो.

हे कोणी करून दाखवले आहे काय? होय. महात्मा फुले आणि सावित्रीमाईंनी १८५५ मध्ये श्रमिकांसाठी रात्रशाळा काढली. इंग्रजी शिका, असे सावित्रीमाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'तून सांगितले. मुंबईत दक्षिण कानडी मुलुखातून उडुपी हॉटेलांत आलेली पोरे दिवसा टेबल पुसून रात्री कन्नड रात्रशाळेत बसत. १९०८ मध्ये सुरू झालेली मोगवीर रात्रशाळा ही त्यातलीच एक. त्या पोरांतून पुढे हॉटेल मालक झाले, वकील झाले. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले तेव्हा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांचा विचार करून सकाळचे वर्ग ठेवले. शिक्षणाने कामगाराच्या घड्याळाप्रमाणे चालावे, हा त्यामागचा विचार होता. परदेशात पाहायचे तर अमेरिकेतील लास व्हेगास शहरात हॉटेल कामगारांची संघटना आणि मालक यांनी मिळून १९९३ पासून प्रशिक्षण संस्था चालवली आहे. तेथे स्थलांतरित कामगारांना कामाबरोबर इंग्रजीही शिकवतात.

आपल्याकडे योजना नाहीत असे नाही. पर्यटन मंत्रालयाने २००९-१० मध्ये 'हुनर से रोजगार तक' आणली, सहा ते आठ आठवड्यांचे मोफत प्रशिक्षण. २०१५ मध्ये कौशल्य विकास योजना आली आणि आधीच काम येत असलेल्याला पूर्वानुभवावर प्रमाणपत्र देण्याची सोयही झाली. पण हे वर्ग दिवसा भरतात आणि दिवसाची मजुरी बुडवून कोण येणार? दुसरीकडे मे २०१७ च्या शासन निर्णयाने रात्रशाळांतल्या दुबार शिक्षकांना कमी केले आणि आधीच अशक्त असलेल्या रात्रशाळा आणखी खिळखिळ्या झाल्या.

कोणी म्हणेल, आता मोबाईल सगळे भाषांतर करून देतो, शिकायचे कशाला? मोबाईल शब्द बदलून देईल. आचाऱ्याने आज कोणत्या तेलात तळले, परातीत कोणते पीठ होते, हे मोबाईलला ठाऊक नसते. ते विचारून, समजून, जबाबदारीने सांगणे हे माणसाचेच काम आहे. मोबाईल मदतनीस म्हणून जरूर वापरावा, मालक म्हणून नव्हे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. विठ्ठलवाडी परिसरातील बुद्धविहार, समाजमंदिरे आणि अभ्यासिका दुपारी रिकाम्या असतात. ब्रेक शिफ्टचा कामगार दुपारी तीन ते सहा मोकळा असतो, पण तेवढ्यात घरी येऊन परत जाणे जमत नाही. त्याच्यासाठी त्याच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, म्हणजे सोमवार ते गुरुवारमध्ये, दोन तासांचा वर्ग ठेवावा. रात्रपाळीवाल्यांसाठी दुसरा वर्ग दुपारी असावा. बारा आठवडे पुरेत. पहिले चार कामाच्या बोलण्याचे, पुढचे चार पदार्थ, ॲलर्जी आणि भाषांतराचे, शेवटचे चार कागदपत्रे, सुरक्षा आणि हक्कांचे. शिकवायला महाविद्यालयीन मुले-मुली आणि हॉटेलातून निवृत्त झालेले कॅप्टन, शेफ यांची जोडी असावी. एकाकडे भाषा आहे, दुसऱ्याकडे अनुभव आहे. पाठ्यपुस्तक म्हणून खरा मेनू, खरी केओटी, खरे पगारपत्रक वापरावे. लोकलमधल्या प्रवासात ऐकायला ध्वनिमुद्रित वाक्ये मोबाईलवर द्यावीत. खर्च काय येईल? एक फळा, थोड्या झेरॉक्स प्रती आणि विजेचे बिल. एका जयंतीच्या डीजेच्या भाड्यात असे किती वर्ग चालतील, याचा हिशेब ज्याने त्याने मनाशी करावा.

नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि डिसेंबरपासून तेथून विमाने उडू लागली. त्याच्या आसपास हॉटेले उभी राहतील. त्या हॉटेलांत आमची मुले जातीलच, यात शंका नाही. ती भांड्यांच्या मोरीवर जातील की स्वागतकक्षात उभी राहतील, एवढेच ठरायचे आहे. ते मालक ठरवणार नाही आणि सरकारही ठरवणार नाही. समाजाने आज रिकाम्या पडलेल्या विहाराचे कुलूप उघडले तर ते आपण ठरवू शकतो. 'शिका' हा बाबासाहेबांचा पहिला आदेश आहे. तो शाळेतल्या मुलापुरता नाही, रात्री उशिरा घरी परतणाऱ्या त्याच्या बापासाठीही आहे.